चूक आधी सांगायची

आत्याच्या घरात दिवसातून दोनदा चार्ज दिला-घेतला जाई. सकाळी आठ वाजता ती दवाखान्यात निघाली की घराचा चार्ज माझ्याकडे, आणि संध्याकाळी सहाला ती परतली की पुन्हा तिच्याकडे. माझ्या नातवंडांना हे सांगितलं तर ती पोट धरून हसतात. मलाही तेव्हा हसू येई, पण आत्यासमोर हसायची टाप नव्हती. पुढच्या खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या, एक तिची आणि एक माझी. दोन्हींवरच्या चादरी इतक्या ताणून खोचलेल्या असत की बसायला जीव धजत नसे. खाटांच्या मधल्या जागेत एका टोकाला ती उभी राही, दुसऱ्या टोकाला मी. पाय जुळवलेले, हात मागे. मग ती सुरू करी. “रांजण अर्धा. पिण्याचं पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवलंय. दूध तापवलंय. दुरडीत दोन भाकरी, वाटीत चटणी. स्टोव्हची पिन सापडंना, ती हुडकून ठेव. घे चार्ज.” मी म्हणायचे, “घेतला, आत्या.” एवढं झाल्याशिवाय ती चपला पायात घालत नसे.

मिलिटरीच्या दवाखान्यात एका सिस्टरची पाळी संपून दुसरीची सुरू होते, तेव्हा जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेपाशी नेते आणि प्रत्येक माणसाचं काय झालं, काय करायचं राहिलं, ते तोंडी सांगते. त्यालाच ती चार्ज देणं म्हणायची. असे चार्ज देण्या-घेण्यात आत्याची पंधराएक वर्षं गेली होती आणि त्यात एक लढाईही होऊन गेली होती. लढाईतल्या कामासाठी तिला दिल्लीला बोलावून पदक दिलं होतं. नंतर तिने ती नोकरी मधूनच सोडली आणि लातुरात एका खासगी बाळंतिणीच्या दवाखान्यात कामाला लागली. का सोडली ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि तिला विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. पदक ट्रंकेच्या तळाशी, मखमली पेटीत, लोकरी स्वेटरच्या खाली असे. लातूरच्या हवेत ते स्वेटर कधी निघत नसे, म्हणून पदकही निघत नसे.

चार्ज देण्याचा तिचा एकच कायदा होता. चूक आधी सांगायची. मी आल्याच्या आठवड्यातच माझ्या हातून तिचा निळ्या काठाचा एनॅमलचा मग पडला आणि त्याचा टवका उडाला. संध्याकाळी मी पाणी, दूध, दळण असं सगळं नीट सांगितलं आणि शेवटी हळूच मगाचं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, “पुन्यांदा दे. मगाचं आधी.” मी पुन्हा पहिल्यापासून चार्ज दिला, मगाचं आधी घेतलं. मग ती म्हणाली, “चांगलं काय झालं ते मागून कळलं तरी चालतं, सुजे. चूक मागून कळली तर माणूस हातचं जातं.” मगाच्या टवक्याने कुठलं माणूस जाणार होतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी मूळची किनवटकडची. बाप रेल्वेत गँगमन. आमचं घर रुळाला इतकं चिकटून होतं की गाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणायची. मी किनवटच्या वसतिगृहात शिकत होते. त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही, वसतिगृहाची विहीर आटली आणि आम्हा मुलींच्या हातात बोचकी देऊन घरी पाठवलं. बापाने बहिणीला पत्र टाकलं. आत्याचं एका ओळीचं उत्तर आलं, “सुजाताला पाठवून दे, शाळेचं मी बघते.” बाप मला लातूरला सोडून त्याच दिवशी परत गेला. त्याला ड्यूटी होती. जाताना तो आत्याच्या पाया पडला आणि आत्या त्याला म्हणाली, “जेवण झालं का?” भावाबहिणीचं एवढंच बोलणं झालं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्याला त्याचा केवढा तोरा! दुकानांच्या पाट्यांवर ‘जि. उस्मानाबाद’ होतं त्यावर पांढरा रंग मारून त्याच जागेत ‘जि. लातूर’ दाटीवाटीने बसवलेलं. कुठल्याही भाड्याच्या घरावर एक दिवस अमुकतमुक जिल्हा कार्यालय अशी पाटी लागे आणि दाराशी सायकली उभ्या राहत. पाणी मात्र नव्हतं. नव्या जिल्ह्याला साहेब आले, शिक्के आले, जिपा आल्या, पाणी काही आलं नाही. टँकर आला की गल्लीत घागरींचा असा खणखणाट उठे की शाळेत बसून ऐकू येई.

मला त्या घरात सगळ्यात जास्त कशाने खाल्लं असेल तर शांततेने. गाडी नाही, भांड्यांची किणकिण नाही, धाकट्या भावंडांची भांडणं नाहीत. आत्या बोलत नसे म्हणजे तिचा राग असे असं नाही. तिला बोलायची सवयच नव्हती. सकाळी चपलांना पॉलिश करायच्या तिच्या ब्रशचा आवाज, मग स्टोव्हचा, मग चार्ज. संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या. आमचं जेवण साधं असे, भाकरी, अंबाडीची भाजी, नाहीतर येसराची आमटी. रविवारी मात्र ती मिलिटरीच्या मेसमध्ये शिकलेलं कस्टर्ड करी, पिवळंधमक, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून ते चमच्याने खात असू. एक शब्द न बोलता. मला वाटे, हिच्या समोर कुणी बसलंय हे हिच्या गावीही नसावं. आज मला कळतं की मी यायच्या आधी ती ते एकटीच खात असणार, किंवा करतच नसणार. तेव्हा कळायचं माझं वय नव्हतं.

शाळेतही तेच. माझ्या बोलण्याला मुली हसत. मी “अभ्यास करून राह्यले” म्हणाले की मागच्या बाकावर खसखस पिके. त्या स्वतः “अभ्यास करूलालाव” म्हणत, त्याला कुणी हसत नसे. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी राही. टाकी रिकामीच असायची, त्यामुळे तिथे कुणी यायचं कारण नव्हतं.

अशात ती गोष्ट घडली. घडली कसली, मीच केली.

आमच्या घराचे मालक लिंगायत होते, तेलबियांचे व्यापारी. त्यांना सगळे आप्पा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. मोठ्या घराच्या मागच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या आणि मधल्या अंगणात आड होता. त्या दुष्काळात गल्लीतला तो एकच आड तग धरून होता. आम्ही बौद्ध, हे आप्पांना ठाऊक होतं. त्यांनी आत्याची नोकरी पाहिली, टापटीप पाहिली आणि खोल्या दिल्या. आडाला मात्र आम्ही हात लावायचा नाही, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. सकाळी मी दोन घागरी घेऊन जायची, लांब उभी राहायची, आणि त्यांची मोलकरीण वरून पाणी ओतायची. दोन घागरी, तिसरी नाही.

एका सकाळी मोलकरीण आली नव्हती आणि अक्का स्वतः आडावर होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. पाणी शेंदता शेंदता त्यांनी विचारलं, “काय गं पोरी, तुझ्या आत्याचं कपाळ मोकळंच दिसतंय. मालक कुटं असतेत त्यांचे?”

लग्नच झालं नाही, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. त्या काळी मिलिटरीतल्या सिस्टरने लग्न केलं की नोकरीवर पाणी सोडावं लागे. आत्याने केलं नव्हतं. पण बिनलग्नाची बाई, त्यात नर्स, त्यात एकटी राहणारी, असं म्हटलं की लोक एकमेकांकडे कसे बघतात ते मी आमच्या गावात पाहिलं होतं. माझी मान खाली गेली आणि तोंडातून निघून गेलं, “वारले. लढाईत.”

अक्कांच्या हातातला दोर थांबला. “अगं माझी बाई!” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. “आन् आमी येवढ्या दिवसाचं इचारलं बी न्हाई. थांब, थांब.” त्यांनी दोन्ही घागरी भरल्या, मग घरात जाऊन स्वतःची कळशी आणली, तीही भरून माझ्या कडेवर ठेवली. ठेवताना त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला. लातूरला आल्यापासून मला हात लावणारं ते पहिलं माणूस. खोटं बोलल्याची लाज वाटायच्या आधी मला त्या हाताचं सुख वाटलं, हे मी आज लिहून ठेवते.

त्या दिवसापासून आमच्या घागरी अक्काच भरू लागल्या. दुपारी शाळेला सुट्टी असली की त्या मला ओसरीवर बोलवत, शेंगाची पोळी नाहीतर धपाटं हातावर ठेवत आणि ‘काकां’बद्दल विचारत. मी सांगत गेले. उंच होते. मिशा होत्या. मला खांद्यावर बसवून रूळ दाखवत. असलं काही सांगताना मला वाटायचं की असा एक काका खरंच होता आणि तो गेला म्हणून मी एवढी एकटी आहे. शाळेत गोष्ट कशी पोचली ते मला माहीत नाही, पण पोचली. मुली माझ्याजवळ येऊन बसू लागल्या. एकीने आपल्या डब्यातलं लोणचं दिलं. मग त्याच मुलींनी पुरावा मागितला, आणि एका सकाळी चार्ज घेतल्यावर मी ट्रंक उघडली, स्वेटर बाजूला केलं आणि पदक कंपासपेटीत घालून शाळेत नेलं.

वर्गशिक्षिका बाईंनी ते हातात घेऊन निरखलं. पदकाच्या कडेवर इंग्रजीत बारीक नाव कोरलेलं होतं, लेफ्टनंट डी. सोनकांबळे. “डी म्हणजे?” बाईंनी विचारलं. आत्याचं नाव धुरपता. मी म्हणाले, “देविदास.” बाईंनी जरा विचार केला. “पण तुझंही आडनाव सोनकांबळेच. आणि त्या तर तुझ्या आत्या ना?” मी म्हणाले, “आमच्याकडं समदेच सोनकांबळे हायत, बाई.” यावर त्यांचं समाधान झालं. आमच्याकडे दर दुसऱ्या दाराला सोनकांबळे आहे हे काही खोटं नव्हतं. त्या सगळ्या प्रकरणात माझं तेवढंच एक वाक्य खरं होतं. बाईंनी सगळ्या वर्गाला उभं केलं आणि एक मिनिट शांत राहायला लावलं. मीही उभी राहिले, नसलेल्या देविदाससाठी.

संध्याकाळी पदक जागेवर होतं. मी चार्ज दिला. पाणी तीन घागरी, दूध नासलं नाही, दळण आणलं. चूक? “काही नाही,” मी म्हणाले. आत्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि “घेतला” म्हणाली. तीन घागरी कशा, हे तिने विचारलं नाही. बहुधा तिला वाटलं असावं की माणसं चांगली असतात.

थंडी पडली तरी टँकर चालूच होते. जानेवारीत एका दुपारी दाराशी सायकल थांबली. नव्या जिल्ह्याच्या कुठल्याशा कार्यालयातले एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्या हाती लिफाफा दिला आणि वहीत माझी सही घेतली. लिफाफा उघडाच होता. आत छापील पत्र होतं. प्रजासत्ताक दिनी नव्या जिल्ह्यातील वीरांचा व वीरपत्नींचा सत्कार करण्यात येणार असून आपण उपस्थित राहावे, आणि टिंबांवर शाईने लिहिलेलं, ‘वीरपत्नी श्रीमती धुरपता देविदास सोनकांबळे’. वर्गशिक्षिका बाईंनी नाव कळवलं होतं. मोठ्या कौतुकानेच कळवलं असणार.

मी ते पत्र हातात धरून माझ्या खाटेवर बसले. ताणलेल्या चादरीवर बसले हेही मला कळलं नाही. फाडून टाकावं, असं पहिल्यांदा मनात आलं. पण अक्कांना कळणारच होतं, त्या आत्याचं अभिनंदन करायला येणारच होत्या. सांगितलं तर काय काय जाईल ते मला स्वच्छ दिसत होतं. अक्कांची ओसरी जाणार, तिसरी घागर जाणार, लोणचं देणारी मैत्रीण जाणार, आणि आत्याने मला किनवटच्या गाडीत बसवलं तर शाळाही जाणार. मला एवढी भीती त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही क्वचितच वाटली.

सहा वाजता आत्या आली. चपला काढल्या, हात धुतले, आपल्या टोकाला उभी राहिली. मी माझ्या टोकाला. माझे पाय जुळेनात.

“चूक आधी सांगते,” मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. आड, अक्का, काका, मिशा, पदक, कंपासपेटी, देविदास. बोलता बोलता मी रडायला लागले तसं ती म्हणाली, “रडणं मागून. आधी चार्ज.” शेवटी मी पत्र पुढे केलं. तिने ते वाचलं. ड्यूटीवर छातीशी पिनेने लावलेलं नर्सचं उलटं घड्याळ असे तिथे तिचा हात गेला. घड्याळ तिने दारातच काढून ठेवलं होतं.

“पुढं?” तिने विचारलं.

“पुढं काय, आत्या?”

“पाणी किती, दूध हाय का, दळण? चार्ज पुरा कर.”

मी हुंदके देत देत पाणी, दूध, दळण सांगितलं. ती म्हणाली, “घेतला.” आणि मग, “मी बिनलग्नाची हाय, हे सांगायची तुला लाज वाटली?” मी मान डोलावली. “हां,” ती म्हणाली. एवढंच. मला तिने मारलं असतं तर मी आयुष्यभर कमी अपराधी राहिले असते. स्वयंपाकघरातून तिने हाक मारून सांगितलं, “सकाळी अक्काला तू सांगशील. मी न्हाई.”

सकाळी मी गेले. अक्का आडाच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या, माझ्या घागरी भरायला हात पुढे केलेला. मी सांगितलं. त्यांना आधी कळेचना. “म्हंजे वारलेच न्हाईत?” “नव्हतेच, अक्का. लग्नच झालं न्हाई. पदक आत्याचंच हाय.” “येक गोष्ट इचारू?” त्या म्हणाल्या. “मी त्या माणसासाटी देवापुढं दिवा लावला रोज. येवढे दिवस. त्या दिव्याचं आता काय करू गं मी?” त्यांनी दोन घागरी भरल्या. कळशी आणली नाही. पुढे कित्येक दिवस ओसरीवरून हाक आली नाही. पण आमच्या पाण्याला मोलकरीण परत आली नाही. अक्काच ओतत राहिल्या, तोंडातून शब्द न काढता, रोज दोन घागरी.

दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन त्या कार्यालयात गेली. भाड्याच्या घराची ओसरी, टेबल, मागे ओल्या रंगाचा वास. कारकून भला माणूस होता. त्याने यादी काढली, बोट फिरवलं. “बाई, खरं सांगू का? यादी टाइप होऊन साहेबाकडं गेलीय. आन् तुमचं बसवावं कुठं? इथं तीनच रकाने हायत. वीर जवान, वीरपत्नी, वीरमाता. बाईमाणसाला सोताचं पदक, ह्याला रकानाच न्हाई.” मग त्याने मनापासून उपाय सुचवला, “पत्नीच्या रांगेत बसा की. सत्कार झाल्याशी मतलब. कोण बघायलंय?”

आत्या म्हणाली, “त्या रांगेत बसणाऱ्या बायांचं खरंच माणूस गेलंय, साहेब. त्यांच्या शेजारी मी कोणत्या तोंडानं बसू? नाव काटा.” त्याने नाव काटलं. मी ते काटताना पाहिलं. देविदासवरून रेघ गेली, तीच पुढे धुरपतावरून गेली.

प्रजासत्ताक दिनाला आत्याने सुट्टी घेतली नव्हती, दवाखान्यात त्या दिवशी तिची पाळीच नव्हती. मैदान आमच्या घरापासून फार लांब नव्हतं. सकाळभर भोंग्यावरून नावं ऐकू येत होती, कुणी देवणीचे, कुणी निलंग्याचे, मग श्रीमती, श्रीमती. आम्ही दोघी मागच्या दारात बसून शेंगा फोडत होतो. राष्ट्रगीत सुरू झालं तशी आत्या उभी राहिली. मांडीवरची टरफलं खाली सांडली. मी बाईंनी शिकवल्यासारखी ताठ उभी राहिले आणि अंगणापलीकडे पाहिलं तर अक्काही आपल्या ओसरीवर उभ्या होत्या, आमच्याकडे बघत. गीत संपलं, त्या आत गेल्या.

त्या दिवशी कुणी कुठे गेलं नव्हतं, त्यामुळे चार्ज द्यायचं कारण नव्हतं. तरी सहा वाजता आत्या खाटांच्या मध्ये येऊन उभी राहिली. “आज मी देते,” ती म्हणाली. “चूक आधी सांगते.”

मला वाटलं माझंच काही राहिलं असेल. मी माझ्या टोकाला जाऊन उभी राहिले.

“लढाईत आमचा दवाखाना एका शाळंत होता,” ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, रांजण अर्धा म्हणावा तशी. “तोफा जवळ आल्या. हलवण्यासारख्या पोरांना गाडीत घालून मागं पाठवलं. पाच जण हलवण्यासारखे नव्हते. त्यांच्यापाशी मी थांबले. चार वाचले. पदक त्या चारांचं हाय, समदे त्यांचंच सांगतेत. पाचव्याला पोटात लागलेलं. तुझ्यापरीस सात-आठ वर्सानं मोठा असंल. पोटात जखम असली की तोंडानं पाणी द्यायचं न्हाई, असा नियम. सकाळपासनं पाणी मागत होता. सिस्टर पानी, सिस्टर पानी. मी कापूस भिजवून व्हटाला लावला की तो कापूस चोखायला बघायचा. हा राहत न्हाई, असं डॉक्टर मला सांगून गेले होते. तरी मी दिलं न्हाई. नियम म्हणून न्हाई दिलं. दुपारी गेला. पाणी मागत मागतच गेला.”

बाहेर कुणाच्या तरी घागरीचा आवाज झाला.

“दुसरी सिस्टर आली, तिला मी चार्ज दिला. म्हणाले, शांत गेला. त्याच्या आईला पत्र लिहिलं, त्यात बी तेच, शांत गेला. दिल्लीला पदक लावलं, तवा बी मी काही बोलले न्हाई. ही चूक मी कुणाला दिली न्हाई, सुजे. तू दिलीस तुझी, म्हणून मी देते. घे चार्ज.”

मी चौदा वर्षांची होते. मला काय कळलं असेल? तिच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर होत नव्हता म्हणून मी तिच्या पायांकडे पाहत होते. ते जुळलेले होते. मी म्हणाले, “घेतला, आत्या.” तिने श्वास सोडला. मग ती आत जाऊन भाकऱ्या टाकायला बसली आणि मी पहिल्यांदाच, तिने न सांगता, तिच्याजवळ पाटावर जाऊन बसले. आम्ही तेव्हाही बोललो नाही. पण ती शांतता आधीची नव्हती, एवढं मला कळलं. मी त्या घरात पुढे पाच वर्षं राहिले आणि मला कुणी किनवटच्या गाडीत बसवलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण गेल्या उन्हाळ्यातलं आहे. आत्या म्हातारपणी माझ्याकडे नांदेडला होती. तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि त्यातून ती उठणार नाही हे डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. तोंडाने पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असं खाटेला पाटीही लावून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “पाणी.” मी ओला कापूस ओठांना लावला. तिने तो चोखायचा प्रयत्न केला. मग माझ्याने राहवलं नाही. मी फुलपात्रातून दोन चमचे पाणी तिच्या तोंडात घातलं, तिने ते गिळलं, आणि माझा हात धरला.

थोड्या वेळाने पाळी बदलली आणि नवी सिस्टर खाटेशी आली, कोवळी पोर, लोह्याकडची. मी खुर्चीवरून उठले. गुडघे दुखत होते तरी पाय जुळवले, हात मागे घेतले. म्हणाले, “सिस्टर, चूक आधी सांगते. मी हिला पाणी दिलं. दोन चमचे.” ती माझ्याकडे पाहत राहिली, पाटीकडे पाहिलं, मग आत्याकडे. आणि हळूच म्हणाली, “घेतला चार्ज, आजी.” हा शब्द तिला कुणी सांगितला नव्हता, तो तिच्या कामातलाच होता.

दुपारी आत्या गेली. भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, शांत गेल्या ना? मी त्यांना सांगते की ते मला ठाऊक नाही. तहानलेली गेली नाही, एवढं ठाऊक आहे.